आधी माझं नाव काढा

पहिल्या भेटीत तिने त्याच्याकडे नीट पाहिलेही नव्हते. वजनकाटे दुरुस्त करण्याच्या त्या अरुंद दुकानात तो आईचा बिघडलेला काटा घेऊन उभा होता आणि ती फोनवर कोणाची तरी खरडपट्टी काढत होती.

"दुकान माझ्या वडिलांचं, आणि किल्ली तुमच्या खिशात? आजच्या आज परत करा."

जुन्या वेबसाइटवाल्याने दुकानाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच, स्वतःच्या ताब्यात अडकवून ठेवले होते. महिनाभर एकाही गिऱ्हाइकाचा ईमेल पोहोचला नव्हता.

"मीही... वेबसाइटच करतो," तो चाचरत म्हणाला.

"मग तुम्हीही त्याच माळेतले."

चार दिवसांनी पत्ता परत मिळाला. पण साइट कोसळलेलीच. नाइलाजाने तिने त्यालाच बोलावले आणि पासवर्ड लिहिलेला कागद समोर आपटला.

"घ्या. हाच हवा असतो ना तुम्हा लोकांना?"

त्याने कागद न वाचताच घडी घालून परत केला. "पासवर्ड नको. सेटिंगमध्ये माझं नाव जोडा, कामापुरतं. मालकी तुमचीच. नकोसा झालो की काढून टाका."

ती पासवर्ड टाइप करू लागली की तो स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करी. या शिष्टपणाचा तिला विलक्षण संताप येई... आणि त्या पाठमोऱ्या मानेवरून नजरही हटत नसे.

"भिंतीवर काय आहे एवढं बघण्यासारखं?" आतून तिची आत्या विचारी. "ही समोर असताना?"

आठवड्यात साइट उभी राहिली. मग रोज सकाळी त्याचा एकच निरोप: काम संपले, कृपया माझे नाव काढावे. तिने उत्तर दिले नाही. चौथ्या दिवशी तो स्वतःच आला. पितळी पारड्यांवर दुपारचे ऊन पडले होते. त्याच्या आईचा काटा दुरुस्त होऊन केव्हाचा फळीवर होता. त्याविषयी मात्र दोघांपैकी कोणीच बोलत नव्हते.

"सुटायची इतकी घाई झालीय?" ती फणकारली. "त्या वेबसाइटवाल्याने न विचारता अडवून ठेवलं. तुम्हाला मी आपणहून देतेय, तर ते टोचतंय."

"टोचतंय खरं." तो म्हणाला. "मला तुम्हाला एक विचारायचंय. पण दुकानाची किल्ली माझ्या हातात असताना... नाही म्हणायचं झालं तर तुमच्या मनात धाकधूक राहील. तसला होकार मला नकोय. आधी माझं नाव काढा."

ती लॅपटॉपकडे वळली. सवयीने तो भिंतीकडे फिरला. त्याचे कान लाल झाले होते. दोन क्षणांत त्याच्या खिशातला फोन थरथरला.

"काढलं," ती म्हणाली. आवाजातला राग अजून पुरता उतरला नव्हता. "आता इकडे वळा आणि विचारा. नाहीच म्हणायचं असतं, तर ते नाव चार दिवस कशाला ठेवलं असतं मी?"