दुसऱ्या शनिवारची जोडी

"आंगातून घाम निथळून राह्यला अन् तू म्हनते इथंच बसू," पवन कुरकुरला.

"मंग जाय घरी," समीक्षा म्हणाली. तो गेला नाही.

दोघं कामरगावच्या नव्या सभागृहामागे, पाहुण्यांच्या खोलीबाहेर बसली होती. आत ट्रम्पेटवाले हरिसिंग आणि कीबोर्डवाल्या मंजुषाताई आराम करत होते. तुरीचे व्यापारी गुलाबराव यांनी उन्हाळी सुट्टीत दर शनिवारी एका जॅझ जोडीचा कार्यक्रम ठेवला होता. जॅझ म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुण्याच्या पुतण्याला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

पहिल्या शनिवारी याच खोलीत सॅक्सोफोनवाला तरुण उलट्या करत कोसळला आणि अकोल्याच्या दवाखान्यात वारला. जेवण समीक्षाच्या आजीने, गिरजाबाईने केलं होतं. पोलिसांनी पिठल्याचं पातेलं तपासणीला नेलं. निकाल यायचा होता, पण गावाने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. तेव्हापासून आजी स्वतः केलेली भाकरी आधी एकटी खायची, थोडी थांबायची, मगच समीक्षाला वाढायची.

आज जेवण हॉटेलातून आलं होतं. तरीही कुणाला त्रास झाला, तर आजी सुटणार होती. ही इच्छा वाईट आहे, हे समीक्षाला कळत होतं.

इतक्यात मंजुषाताई डोकं धरून बाहेर आल्या आणि भिंतीशी बसून ओकू लागल्या. समीक्षाला क्षणभर आनंद झाला. मग स्वतःचीच लाज वाटली.

हरिसिंग उठवूनही उठत नाहीत, असं ताई कशाबशा म्हणाल्या.

मुलं आत धावली. खोली गार होती आणि सडक्या लसणासारखा वास येत होता. पवन कूलरपाशी थबकला. कूलरची पाठ नेहमी घराबाहेर असते. बाहेर ऊन लागतं म्हणून गुलाबरावांनी इथे भिंत फोडून ती शेजारच्या गोदामात काढली होती. फटीतून ताडपत्रीखालची तुरीची पोती दिसली आणि जमिनीवर मरून पडलेल्या पाली.

"किड्याच्या गोळ्या टाकल्या हायेत," पवन म्हणाला. "आमचे बाबा त्या टाकल्यावर कोठीकडं फिरकू देत नाईत. हा कूलर तीच जहरी हवा आत ओढून राह्यला."

समीक्षाने वायर उपटली. दोघांनी हरिसिंगना सतरंजीसकट ओढत बाहेर काढलं.

तेवढ्यात गुलाबराव आले. उन्हाची भोवळ असेल, लोक येऊन बसलेत, बोभाटा करू नका, असं त्यांनी दटावलं. गोळ्या तर ते दरवर्षीच टाकत होते.

"मंग तुमी बसा आत," समीक्षा म्हणाली. "मी कूलर लावतो."

गुलाबरावांनी खोलीकडे पाहिलं. मग दोघांना दवाखान्यात न्यायला गाडीची किल्ली काढली.

हरिसिंग वाचले, मंजुषाताईही सावरल्या. मुलांनी आणखी थोडा उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांनी गोदामाला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी सभागृहासमोर मुलांची पाठ थोपटली. गुलाबरावांनी सगळ्यांदेखत चूक कबूल केली आणि गिरजाबाईपुढे हात जोडले.

गिरजाबाईने ते हात पाहिलेच नाहीत.

"त्या पोराच्या मायले फोन लावा," ती म्हणाली. "तिले सांगा, तुह्या लेकाले कोनाच्या भाकरीनं नाई मारलं. कायनं मारलं, थे बी तुमीच सांगा."

गुलाबरावांनी खिशातून फोन काढला. टाळ्या वाजवायला जमलेली माणसं तो लागेपर्यंत तिथेच उभी राहिली.