पापुद्रा काढलेली भाकर

सदुसष्ट साली मी बायकोला, वच्छलेला, नागपूरला डॉक्टरांना दाखवून जानेफळला परत आणलं, तिथपासून सांगतो. त्याआधी सहा वर्षं तिच्या गळ्यात घास अडकायचा, भाकरीचा तर हमखास. गावानं बाहेरची बाधा ठरवून आमची लिंबं-नारळं संपवली. डॉक्टरांनी खडूसारखं पांढरं औषध पाजून फोटो काढला. म्हणाले, रक्ताची एक नळी अन्ननळीच्या मागून गेली आहे, ती दाबते, जन्मापासून तशीच. तूर्त कापाकापी नको, अन्न भिजवून, बारीक करून खा.

हसतच घरी आलो. भूत नव्हतं, नळी होती!

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी वावरातून आलो, ती धुणं धुऊन आली. तिच्या वाडग्यात भाकर दुधात कुस्करून तयार, वरचा पापुद्रा सोलून कडेला ठेवलेला. मग रोज तसंच. मला वाटलं, शहाणी झाली बाई. जेवताना ती माझ्याकडे बघून गालात हसायची. घास उतरला की माझा जीव भांड्यात पडायचा. सहा महिन्यांत तिच्या बांगड्या घट्ट झाल्या.

एकदा म्हणाली, "तुम्ही माह्यासाठी एवढं करता, पण मी कोणाले सांगत नाई. लोकं बायकोचा गुलाम म्हणतीन."

"काय करतो मी?"

"भाकर कुस्करता ना..."

"मी? मले तं वाटलं, तूच..."

घरात तिसरं माणूस म्हणजे आमची चार वर्षांची गीता.

वच्छला वाडग्याकडे बघत राहिली. "माही माय असाच पापुद्रा काढे," ती हळूच म्हणाली. "तिच्याबी गयात घास अडके... त्यातच गेली. मी बारा वर्साची होती."

भीती वाटली, खोटं कशाला सांगू! पण तिनं डोळे पुसले आणि वाडगा पुरता संपवला. सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून चुलीजवळ त्यांच्यासाठी पाट मांडू लागलो. मेल्यावरही लेकीची काळजी करणारी बाई, मला तिचं कौतुकच वाटायचं.

गीता मात्र धडधाकट. कडक भाकर कांद्यासोबत करकर चावून खायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. वच्छलेचा वाडगा भरलेला होता. शेजारी गीताची लहान वाटी. तिच्यातही भाकर दुधात कुस्करलेली, पापुद्रा कडेला.

"माय..." वच्छला पाटाकडे बघून म्हणाली, "हिलेबी?"

गीतानं एक घास तोंडात घातला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत राहिलो.