बिनकुलपाचा चाकू आणि ब्लीकलोचा माळ

"तुमच्या चाकूंना कुलूप का नसतं हो? पातं उघडल्यावर पक्कं अडकतच नाही! की तुम्हाला तसं बनवताच येत नाही?"

विचारलं! एका दमात विचारून टाकलं!

आमच्या शेफील्डात चाकू बनवणाऱ्या डंगवर्थ आजोबांसमोर मोठी माणसंही जपून बोलतात. पण वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, "मॅबल, तू त्यांना हे विचारूनच दाखव." साक्षीदार म्हणून इल्हाम सोबत आली होती. ती साक्षीदार आता हळूहळू दाराकडे सरकत होती.

आजोबांनी धार लावायचं चाक थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या तोंडाला आहे का कुलूप?"

"नाही."

"तरी मिटता येतं ना? का नाही येत?"

इल्हाम फिसकन हसली. फ्रीडा आत्याने हसू दाबायला खोकल्याचं नाटक केलं. अठरा वर्षांखालच्यांना चाकू विकत नाहीत, म्हणून पैसे आत्या देणार होती. निवड मात्र माझी.

कारण उद्या आम्ही तिघी ब्लीकलोच्या माळावर निघणार होतो. पांढरे ससे मोजायला! आमच्या माळावरचे डोंगरी ससे थंडीत पांढरे होतात. बर्फ वितळलं की काळ्या मातीवर ते लांबूनही उठून दिसतात. मग थोड्याच दिवसांत पुन्हा करडे होतात आणि मोजणी संपते. यंदा नकाशावरचे सगळे चौकोन मोजून झाले होते, एकच उरला होता. सगळ्यात पलीकडचा, सगळ्यात ओला. गेली दोन वर्षं तिथे कोणी पोचलंच नव्हतं. आत्या पोचणार होती, आणि पहिल्यांदाच मलाही नेणार होती. तिची एकच अट होती. "खिशात स्वतःचा चाकू हवा. उसना चाकू ऐन वेळी दुसऱ्याच्याच खिशात असतो."

आजोबांनी फळीवर चाकू मांडले. हरणाच्या शिंगाची मूठ आणि अणकुचीदार पातं असलेला एक तर असा देखणा होता की इल्हाम ओरडलीच, "हाच! हाच घे! फोटोत काय भारी दिसेल!"

मी चाकाजवळची पाण्याची बादली पाहिली. बाहेर गारठा, बादलीत त्याहून जास्त. मी बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले!

"ए पोरी, काय चाललंय?" आजोबा ओरडले.

"उद्या माळावर माझे हात असेच असणार. अशा हातांनी जो उघडेल, तो माझा."

बोटं बधिर झाल्यावर मी शिंगवाला उचलला. स्प्रिंग इतकी ताठ की नखच तुटलं. दुसरा पटकन उघडला, पण त्याचं पातं हिरडीतल्या हलत्या दातासारखं डुगडुगत होतं. तिसरा अगदी साधा होता, तपकिरी लाकडाची मूठ, पातं मेंढीच्या खुरासारखं. धार सरळ, पाठ पुढे वळून खाली आलेली, टोक बोथट. चिमटीत धरून ओढलं, तर पातं काटकोनात येऊन क्षणभर थांबलं. बोटांना नीट पकड घ्यायला वेळ मिळाला. मग 'टक्' करून उघडलं.

"शी! हा तर बटाटे सोलायचा वाटतो," इल्हाम म्हणाली.

"हाच," मी म्हटलं.

आजोबांनी फक्त फरशीकडे बोट दाखवलं. "आधी ते पाणी पूस."

*

सकाळी रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही चढायला लागलो. पायाखाली पीट, म्हणजे हजारो वर्षं कुजत पडलेल्या शेवाळाची काळीभोर, स्पंजासारखी माती. पावसाच्या पाण्याने तिच्यात माणसाच्या डोक्याहून खोल घळी कोरल्या आहेत. एका घळीत उतरायचं, पलीकडे चढायचं, की समोर दुसरी! दिशा हरवायला पाच घळी पुरतात. म्हणून होकायंत्र इल्हामच्या गळ्यात होतं. ती आमच्या वर्गातली सगळ्यात भांडखोर मुलगी, पण होकायंत्राशी कधी भांडत नाही.

वाटेत आम्हाला एक ससा दिसला! काळ्या कड्यावर पांढराशुभ्र गोळा, कानांची टोकं काळी. आपण दिसतच नाही अशा थाटात तो बसला होता. आत्या कुजबुजली, "बिचाऱ्याला कुणीतरी सांगा, बर्फ गेलं म्हणून."

दुपारी ढग खाली आले. आमच्याकडचे ढग डोक्यावर राहत नाहीत, अंगावर बसतात. पाऊस सुरू झाला. झुडपांतून एक ग्राऊस पक्षी फडफडत उडाला आणि नेहमीसारखा ओरडला, 'परत जा, परत जा, परत जा!'

"तू जा," आत्या म्हणाली आणि समोरच्या घळीत तिने उडी मारली.

'भस्' असा आवाज आला.

आत्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला होता. तिने ओढला. हलेना. आम्ही दोघींनी काखेत हात घालून ओढलं. ती किंचाळली! आत कुठेतरी जुन्या, गाडल्या गेलेल्या झाडाच्या मुळाखाली तिचा बूट अडकला होता.

फोनला रेंज नव्हती. आम्ही शिट्ट्या वाजवल्या. धुक्याने त्या गिळून टाकल्या. हातांनी चिखल उपसला, तर जितका काढावा तितकाच परत आत. आणि पावसाचं पाणी घळीतून वाहत येऊन त्याच भोकात शिरत होतं.

"पोरींनो, ऐका," आत्या म्हणाली. "दोघी खाली रस्त्यावर जा. मदत आणा. मी इथे सशांची वाट बघते."

मी इल्हामकडे पाहिलं. तिने मान हलवली. "खाली जाता येईल. पण या धुक्यात हीच घळ परत सापडेल, याची खात्री मी देत नाही."

आम्ही आत्याला चांदीसारख्या चमकत्या पिशवीत गुंडाळलं. थर्मासमधला चहा पाजला. ती इल्हामच्या आईने दिलेल्या सांबुशाला, म्हणजे त्यांच्याकडच्या समोशाला, नावं ठेवत होती, तोवर मला धीर होता. मग ती गप्प झाली. मग म्हणाली, "डंकन, दार लाव रे. किती वारा येतोय."

डंकन माझ्या बाबांचं नाव आहे.

आता कुणाची वाट बघायची नाही!

"बूट राहू दे आत," मी म्हटलं. "पाय बाहेर काढायचा. नाडी कापायची."

"दिसत तरी आहे का नाडी?"

"नाही. पण माझा हात पोचेल."

आत्याचा स्वतःचा चाकू तिच्या उजव्या खिशात, म्हणजे चिखलाच्या पोटात होता. मी माझा काढला. कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेतात ती फोमची चटई, पसरून पालथी पडले. इल्हाम माझ्या पायांवर बसली. चाकू पूर्ण उघडून मी हात आत्याच्या पायालगत आत सारला. कोपर! खांदा! गाल चिखलात टेकला. बोटांना बुटाची कड लागली. मी जोर केला. पात्याची पाठ मुळावर आपटली आणि पातं मिटलं. माझ्या बोटावर!

मी ओरडले. हात बाहेर काढला, तर काळ्या चिखलातून लाल धार लागली होती.

"म्हणून कुलूप लागतं!" इल्हाम रडकुंडीला येऊन म्हणाली. "सांगत होतो आम्ही!"

"गप्प बस आणि रुमाल बांध!"

ती बांधत होती, तेवढ्यात मी डोकं चालवलं. पाठीवर दाब पडला की पातं मिटतं. धारेवर ताण पडला की उघडतं. म्हणजे आत ढकलायचं नाही. ओढायचं!

मी पातं काटकोनात आणून थांबवलं. आता तो चाकू नव्हता, आकडा होता, धार माझ्याकडे. मुठीचं अगदी शेवटचं टोक पकडलं आणि हात पुन्हा आत घातला. हळू. अगदी हळू. मुळाला वळसा घातला. बूट लागला. नाडीची गाठ लागली. बोथट टोक नाडीखाली सरकवलं. अणकुचीदार असतं तर आत्याच्या पायातच रुतलं असतं.

ओढलं! 'टक्!' पातं उघडलं आणि नाडी तुटली!

"एक!" मी ओरडले.

पुन्हा काटकोन. पुन्हा आत. बोटं माझी आहेत की नाहीत, तेही कळेना. ओढलं. दुसरी! तिसऱ्या वेळी आकडा निसटला. आत्या पुटपुटली, "डंकन, गुदगुल्या करू नकोस." मी दात-ओठ खाऊन पुन्हा घातला. तुटली! आणखी एक! बुटाची जीभ सैल झाली.

"आता! ओढ!"

इल्हामने एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. चिखलाने एक लांब ढेकर दिला आणि आत्या आमच्या अंगावर येऊन पडली. पायात मोजा होता, बूट नव्हता!

घोटा सुजला होता, पण मोडला नव्हता. आम्ही तिचे कपडे बदलले, माझी टोपी तिच्या डोक्यावर चढवली, तिला मध्ये घेऊन बसलो. कॅरीमॅटचा तुकडा कापून तळवा केला आणि सॅकच्या पट्ट्यांनी पायाला बांधला. अर्ध्या तासाने तिने सांबुसा मागितला. इल्हाम म्हणाली, "मघाशी तर नावं ठेवत होतात!" आणि मग ढसाढसा रडली.

तेवढ्यात ढग वर उचलले. समोर, दोन घळींपलीकडे, माळाची एक लांबट काळी पाठ दिसली. शेवटचा चौकोन! आणि तिच्यावर पांढरे ठिपके. हलणारे!

"जा," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज तिचाच होता. "मी बसते इथे. पळत जा, मोजा, पळत या."

मी ते ठिपके पाहिले. कधी नव्हे इतकं मला ते हवं होतं. मग मी आत्याचे ओठ पाहिले. अजून निळेच होते.

"नाही. खाली."

"मॅब, म्होरकी मी आहे."

"तुला दोन्ही बूट आहेत का?"

आत्याने उठायला हात पुढे केला. इल्हामने होकायंत्र लावलं. मी पुढे जाऊन प्रत्येक पाऊल काठीने चाचपायची, आत्या आमच्या खांद्यांवर भार टाकून लंगडत यायची. ओढ्याची सोपी वाट दिसली, ती सोडली. त्या पाण्याच्या शेवटी कडा असतो. पडलो, उठलो, पुन्हा पडलो. दिवस मावळता मावळता खाली रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दिसले आणि आम्ही तिघी वेड्यासारख्या ओरडलो!

*

दवाखान्यात माझ्या बोटाला टाके पडले. घरी आल्यावर आईने मला इतकं घट्ट धरलं की टाके दुखले. बाबा स्वयंपाकघरात येरझारा घालत होते.

"फ्रीडाला तर मी बघतोच! पोरीच्या हातात चाकू देते काय, धुक्यात नेते काय! आता पुरे झालं तुमचं ते माळावर भटकणं."

"बाबा, बसा," मी म्हटलं.

ते चक्क बसले.

"पुढच्या शनिवारी हवा चांगली आहे. आत्याचा पाय बरा नसेल, म्हणून तिची मोजणीतली मैत्रीण येणार आहे, मी तिला फोन केलाय. इल्हामच्या घरून होकार आलाय. ससे करडे व्हायच्या आत तो चौकोन मोजायचा. वाट मी बघून ठेवली आहे, त्यामुळे पुढे मी चालणार. धुकं उतरलं तर मीच सगळ्यांना परत फिरवणार, हे माझं वचन."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे.

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर मी तुमच्याशी आठवडाभर भांडेन, आणि शनिवारी सकाळी तुम्हीच मला गाडीने सोडायला याल. मी विचारत नाहीये, बाबा. मी जातेय, हे सांगतेय."