एकच चष्मा मागे राहिला

मधल्या सुट्टीची घंटा वाजली आणि पाठोपाठ जिन्यावर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला.

गणिताचे सर धावत गेले. जिन्याच्या तळाशी चौथीतली भिंगरी पडली होती. सगळी शाळा तिला त्याच नावाने ओळखायची, कारण ती एका जागी कधी टिकायचीच नाही. आत्ता मात्र ती हलत नव्हती. डावी भुवई फुटली होती.

फौजदारबाई शाळेत पोचल्या तोवर मुलीला दवाखान्यात हलवलं होतं. अपघात आहे, चार ओळी लिहून घ्यायच्या आणि निघायचं, असंच त्या धरून चालल्या होत्या. पण फाटकाशी भिंगरीची आई भेटली. खोक्यांच्या कारखान्यातून निरोप मिळाला तशी ती पळत आली होती. डोक्यावर कामाची जाळीची टोपी तशीच.

"दवाखान्यात जा ना तुम्ही," फौजदारबाई म्हणाल्या.

"जाते. पण आधी मला सांगा, तिचा चष्मा कुठाय?"

"पडताना फुटला असेल."

"नाही. मी विचारलं पोरांना. तिच्या डोळ्यावर चष्मा नव्हताच. एक पोरगं सोडलं तर कुणाच्याच नव्हता आज."

फौजदारबाईंनी वही परत उघडली.

प्रकार असा होता. गेल्या वर्षीपासून एक संस्था या शाळेत वाचनवर्ग चालवत होती. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवायचं, गोष्टी वाचून घ्यायच्या, खेळ घ्यायचे. वर्ग घेणाऱ्या तरुण बाईला मुलं वाचनताई म्हणत. या वाचनताईच्या लक्षात आलं, की निम्मी पोरं मठ्ठ नाहीत, त्यांना फळाच दिसत नाही. तिने संस्थेच्या मागे लागून डोळे तपासून घेतले, चष्मे मिळवले. घरी नेले की लहान भावंडं मोडतात, म्हणून चष्मे शाळेतच राहायचे. संध्याकाळी कपाटात ठेवायचे, सकाळी वाटायचे.

"सकाळी वाटतं कोण?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मी," गणिताचे सर म्हणाले. "आज कपाट उघडलं तर आत एकच चष्मा. बाकी सगळे गायब."

"कुलूप?"

"जसंच्या तसं. किल्ली मोठ्या बाईंच्या खोलीत खिळ्याला असते. कुणीही घ्यावी. एक वाचनताईकडे असते."

"आरडाओरडा का नाही केलात?"

"मला वाटलं, ताईने पुसायला नाहीतर दुरुस्तीला नेले असतील. ती दुपारनंतर येते, तेव्हा विचारू म्हटलं." सरांनी मान खाली घातली. "आता वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं."

कपाट वरच्या मजल्यावर, वर्गाच्या कोपऱ्यात होतं. फौजदारबाईंनी दार उघडलं. खालच्या कप्प्यात संस्थेचे टॅबलेट रांगेने उभे होते. एकही हललेला नव्हता. वरचा कप्पा रिकामा.

"विकून चार पैसे येतील ते सोडलं, आणि ज्याचं बाजारात काही येणार नाही ते नेलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जो एक राहिला तो कुणाचा?"

"त्या जाड भिंगवाल्याचा. पोरं त्याला सोडावॉटर म्हणतात. काचा म्हणजे बाटलीचे बूड. चष्मा नसेल तर त्याला पुढची पायरी दिसत नाही. त्याचा त्याला दिला मी."

"तुमचं आणि वाचनताईचं कसं काय?"

सर हसले, पण हसू कडवट होतं. "खोटं कशाला बोलू? वीस वर्षं शिकवतोय मी. ही कालची पोरगी येते आणि सगळे म्हणतात, ताईमुळे पोरं सुधारली. मग आम्ही काय इतकी वर्षं माशा मारत होतो? पण उद्याची चाचणी झाली की सुटलो. पोरं हिरव्या गटात जातील आणि ताईबाई आपलं बिऱ्हाड उचलून पुढच्या शाळेत."

भिंतीवर तक्ता होता. लाल, पिवळा, हिरवा असे तीन गट, आणि प्रत्येकात मुलांचे फोटो. लाल गटात गर्दी होती.

वाचनताई आली ती धापा टाकतच. भिंगरीचं आणि चष्म्यांचं तिला रस्त्यातच कळलं होतं. डोळे रडून सुजले होते. रिकामं कपाट बघून ती खालीच बसली.

"तुझी किल्ली?"

तिने पर्समधून काढून दाखवली.

"शुक्रवारी कपाट कुणी लावलं?"

"मीच. चष्मे मोजून ठेवले. मग घरी गेले. घर लांब आहे माझं, दोन बस बदलाव्या लागतात."

"शनिवार-रविवार शाळेत कुणी येतं?"

"मोठ्या बाई येतात. सरही येतात कधीकधी, पेपर तपासायला."

"उद्याची चाचणी काय आहे?"

"संस्थेचे साहेब येणार आहेत. प्रत्येक मुलाकडून वाचून घेतात, फळ्यावरचं, पुस्तकातलं. त्यावरून पुढचं वर्ष ठरतं. पण आता कसली चाचणी? पोरांना दिसणारच नाही. आत्ता वर येताना मी मोठ्या बाईंना म्हटलं, आपण पुढची तारीख मागू. त्या नाही म्हणाल्या. ठरलंय ते होऊ दे म्हणाल्या."

"आणि पुढच्या वर्षी तू कुठे?"

"माझ्या हातात कुठे असतं ते? याआधी ज्या शाळेत होते तिथली पोरं छान वाचायला लागली, मग मला इकडे पाठवलं. आता कदाचित घराजवळची शाळा मिळेल."

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आपल्या खोलीत खिडकीशी उभ्या होत्या. साठीला आलेल्या, सुती साडी, हातात थंड झालेला चहा.

"पोरीचं काही कळलं?" त्यांनी फौजदारबाई आत येण्याआधीच विचारलं.

"शुद्धीवर आली. पण डॉक्टर डोळ्याबद्दल काहीतरी म्हणतायत. तपासण्या चालू आहेत."

मोठ्या बाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"तुमचा संशय कुणावर?"

"कुणावरच नाही. माझी माणसं चांगली आहेत."

"पोरांच्या चष्म्यांवर कुणाचा डोळा असेल?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"हा वाचनवर्ग तुम्हाला कसा वाटतो?"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज उजळला. "फार मोठा आधार आहे हो. वाचनाचं सोडा, पोरं अंधार पडेपर्यंत इथे असतात. आया कारखान्यातून सुटतात त्याच सुमाराला. पूर्वी शाळा सुटली की पोरं रस्त्यावर, नाहीतर घरात कोंडलेली. एकीला तर तिच्या आईने बाहेरून कडी लावून ठेवलं होतं. आत स्टोव्ह भडकला." त्या थांबल्या. "माझ्याच शाळेतली. पहिलीतली. ते वर्ष संपलं आणि पुढच्या वर्षी मी या संस्थेच्या पाया पडून वर्ग आणला."

"मग उद्याची चाचणी पुढे का नाही ढकलत? पोरं नापास होतील."

"साहेबांना परत वेळ नसतो," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

दवाखान्यात फौजदारबाई गेल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. मोठ्या नंबरच्या डोळ्याचा पडदा आधीच नाजूक असतो. डोक्याला मार बसला आणि डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया करू, पण आशा कमी.

"मोठा नंबर?" फौजदारबाई चमकल्या. "तिचा?"

"बराच मोठा."

भिंगरीची आई बाकावर बसली होती.

"चष्मा मिळायच्या आधी ती जिना कसा उतरायची?" फौजदारबाईंनी विचारलं.

"भिंत धरून. हळूहळू. आम्हाला वाटायचं, स्वभावच भित्रा. कधी पडली नाही. चष्मा आल्यावर पळायला लागली. तेव्हापासून पोरं भिंगरी म्हणायला लागली." आईने पदर तोंडाला लावला. "आज पळायची सवय होती, पण चष्मा नव्हता."

फौजदारबाईंनी चष्मेवाल्याला फोन लावला. एकच गोष्ट विचारली. त्याने सांगितलं, तिचा नंबर त्या सोडावॉटरच्या जवळपासच आहे. पण पोरगी नाजूक, नाक बसकं, जाड चष्मा टिकेना. म्हणून लहान गोल फ्रेम दिली. लहान फ्रेममध्ये काच पातळ दिसते.

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला, आणि वाचनताईला. सगळे नंबर तिने बसून पाठ केले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आत, फौजदारबाईंनी तिघांना मोठ्या बाईंच्या खोलीत बसवलं. दार लावून घेतलं.

"चोराला चष्मे नको होते," त्या म्हणाल्या. "त्याला एवढंच हवं होतं, की आज पोरांनी वाईट वाचावं. मला आधी वाटलं, वर्गाची नाचक्की करायची असेल. आणि तसं ज्याला वाटेल असे इथे एकच गृहस्थ आहेत."

सर ताडकन उठले. "अहो, मी..."

"बसा. तुम्ही नाही. तुम्हीच मला काल सांगितलंत, पोरं हिरव्या गटात गेली की ताई जाणार. म्हणजे तुम्हाला पोरांनी चांगलं वाचायला हवं होतं. वाचनताई, तुझ्या आधीच्या शाळेतही तेच झालं. पोरं सुधारली आणि वर्ग हलला. बरोबर?"

"हो. संस्थेचा नियमच आहे. जिथे लाल गट मोठा, तिथे वर्ग."

"म्हणजे पोरं नापास झाली तर वर्ग राहतो. पास झाली तर जातो. वर्ग इथेच राहावा असं कुणाला वाटेल? तुला नाही. तुला घराजवळ जायचंय."

वाचनताईने मान डोलावली.

"दुसरी गोष्ट. चोराने एक चष्मा ठेवला. पोरगं जिन्यावरून पडेल म्हणून. म्हणजे चोराच्या पोटात माया होती. पण मग भिंगरीचा का नेला? तिलाही तितकंच कमी दिसतं. वाचनताईला नंबर पाठ होते, तिने दोन चष्मे ठेवले असते. चोराला नंबर माहीत नव्हते. चोराने काचेची जाडी पाहिली. जाड तो ठेवला, पातळ ते नेले."

फौजदारबाईंनी वहीचं पान उलटलं.

"आणि तिसरी. चष्मे गेल्यावर कुणीही म्हणेल, चाचणी पुढे ढकला. एकच माणूस म्हणतं, आजच होऊ दे." फौजदारबाईंचा आवाज खाली आला. "मोठ्या बाई, चष्मे कुठे आहेत?"

मोठ्या बाईंनी नाकारलं नाही. वाकून टेबलाखालची डब्याची पिशवी वर काढली. आत प्रत्येक चष्मा मऊ फडक्यात गुंडाळलेला होता. ओरखडा पडू नये म्हणून.

"आज संध्याकाळी परत ठेवणार होते," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांचा प्रश्न होता. दोन दिवस कमी दिसलं तर काय बिघडतंय, असं वाटलं मला. शनिवारी एकेक चष्मा उजेडात धरून बघितला. भिंगरीचाही बघितला. पातळ होता हो. खिडकीच्या काचेसारखा."

"बाई!" वाचनताई किंचाळलीच. "मला विचारलं असतं! मीच वाईट गुण लिहिले असते!"

"तुला खोटं लिहायला लावू? तुझ्या नोकरीवर गदा आली असती. म्हटलं, पाप करायचंच तर ज्याचं वय झालंय त्याने करावं." त्यांनी पिशवी फौजदारबाईंकडे सरकवली. "पोरं हुशार झाली की आधार जातो, आणि मठ्ठ राहिली की टिकतो. यात मी काय करायचं होतं, ते मला अजूनही कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा."

फौजदारबाईंनी पिशवीतले चष्मे मोजायला घेतले.

सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा तास मी घेतो."

साहेब आले. मुलांना चष्मे परत मिळाले होते. मुलं वाचू लागली आणि छान वाचली, एकापाठोपाठ एक. साहेबांनी फोटो हलवायला सांगितले. लाल रकाना जवळजवळ मोकळा झाला. साहेब टाळ्या वाजवून म्हणाले, "अभिनंदन! आता या शाळेला आमची गरज उरली नाही." वाचनताईने नियम बदला म्हणून त्यांचे हात धरले. ते म्हणाले, नियम वरून येतात, माझं तिथे कोण ऐकतं?

दुपारी फौजदारबाई दवाखान्यात गेल्या. शस्त्रक्रिया झाली होती. डावा डोळा गेला होता.

आईला सगळं सांगणं भाग होतं. तिने ते उभ्यानेच ऐकलं.

"त्यांना आत ठेवलंय?"

"जबाब चालू आहे. पुढचं कोर्ट ठरवेल."

"माझी काही तक्रार नाही. सोडा त्यांना."

"ते आता तुमच्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?" तिचा आवाज चढला. "माझ्या पोरीचा डोळा गेला. मला त्या बाईचा राग येतोय, गळा धरावासा वाटतोय. पण उद्या ही घरी आली की मी कामाला जाणार. नाही गेले तर दुसरी बाई घेतील. मोठ्या बाई नाहीत, वर्ग नाही. हिला कुणाजवळ ठेवू? सांगा ना. तुम्ही एवढं शोधून काढलंत."

फौजदारबाई म्हणाल्या, "बघते मी. कुणाशी तरी बोलते." बोलतानाच त्यांना कळलं, की हे आपण नुसतं बोलायचं म्हणून बोलतोय. आईलाही ते कळलं. तिने मान हलवली आणि मुकादमाला फोन करायला बाहेर गेली.

खाटेवर भिंगरी पडली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. चाहूल लागताच तिने मान वळवली.

"मोठ्या बाई?"

"नाही गं. मी पोलिसातली."

"त्या काल आल्या होत्या. मला भात भरवला. आज पुस्तक घेऊन येते म्हणाल्या. मी म्हटलं, मला दिसणार नाही. तर म्हणाल्या, मी वाचून दाखवेन." ती थांबली. "कधी येतील?"

फौजदारबाई खाटेच्या कडेला बसल्या. वायरलेसवर ठाण्यातून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी आवाज बंद केला.

"कामात आहेत," त्या म्हणाल्या.

"बरं," भिंगरी म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली.