सुतार जिना उतरू लागला

ही गोष्ट रात्रीची असती तर सांगायला बरी पडली असती. पण ती घडली गेल्या थंडीत, एका शनिवारी, दुपार कलताना, माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरात. घडलेली वेळ मी माझ्या सोयीने हलवणार नाही.

माझी भाची तेव्हा घरात होती. तिने सगळं पाहिलं. आता ती त्या विषयावर बोलायचं टाळते, एवढाच काय तो माझ्याकडे पुरावा.

मी टंकलेखिका होते. सगळी नोकरी दुसऱ्यांची वाक्यं टाइप करण्यात गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी हे गेले, आणि घर असं गप्प झालं की भांडं पडलं तरी बरं वाटायचं. तेव्हा भाचीनेच कॉम्प्युटर आणून दिला आणि मला एका खेळात बसवलं.

खेळ म्हणजे नुसतं लिहिणं. चित्र नाही, आवाज नाही. डोंगरातली एक सराय, आणि तिथे मुक्कामाला येणारी माणसं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याचं वागणं-बोलणं लिहायचं. एकाने लिहिलं की दुसऱ्याने लिहायचं. मी सरायीची मालकीण.

काय गजबज असायची तेव्हा! एक वैद्य होता, त्याचं औषध घेतलं की धडधाकट माणूस हमखास आडवा व्हायचा. एक गाणारी होती. ती कधी गायलीच नाही, दर वेळी घसा बसलेला.

आणि एक सुतार होता.

सुतार नियमांचा पक्का. नियम तसे साधेच. आपल्या पात्राचं आपण लिहायचं, दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. दुसऱ्याला काही करायचं असेल तर फक्त प्रयत्न लिहायचा. पुढे काय झालं ते त्याने ठरवायचं. एकदा एका नवख्याने आल्या आल्या लिहिलं, 'मी तलवार उपसली आणि सगळ्यांची मुंडकी उडवली.' आम्ही भडकलो. खेळाबाहेरचं काही बोलायचं तर ते कंसात लिहायची पद्धत होती. सुताराने कंसात लिहिलं...

'(तलवार तुमची, मान आमची. उडाली की नाही, ते आम्ही सांगू.)'

मी खुर्चीत एकटीच खदखदून हसले. कितीतरी महिन्यांनी.

कुणाच्या खऱ्या आयुष्याची चौकशी करायची नाही, हाही शिरस्ता होता. त्यामुळे इतकी वर्षं रोज भेटूनही तो म्हातारा की तरुण, एकटा की लेकुरवाळा, मला माहीत नव्हतं. त्यालाही माझं नाव माहीत नव्हतं.

हळूहळू माणसं पांगली. कुणाला नोकरी, कुणाला संसार, कुणाला चकचकीत चित्रांचे खेळ. शेवटी सरायीत दोघंच उरलो, मालकीण आणि सुतार. दुपारचा चहा झाला की मी बसायची. तो खिडक्या दुरुस्त करायचा, मी त्याला टोमणे मारायची. कधी येता येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचा. '(उद्या नाही. वाट पाहू नये.)'

न सांगता तो कधी चुकला नाही.

मग गेल्या वर्षी, थंडी पडायला लागली तेव्हा, तो यायचा थांबला.

काही न सांगता.

लिहायची पाळी त्याची होती. त्यामुळे मलाही पुढे काही लिहिता येईना. रोज चहा घेऊन बसायची, पान उघडायची. माझीच शेवटची ओळ माझ्याकडे बघत राहायची. कप विसळायची आणि उठायची.

असे आठवडे गेले.

त्या शनिवारी भाची आली होती. ती स्वयंपाकघरात चहा करत होती. मी सवयीने पान उघडलं...

'सुतार आला आहे. खाली उभा आहे.'

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी घाईघाईने लिहिलं, 'मालकीणबाईंनी कंदील वर धरला. म्हणाल्या, होतात कुठे इतके दिवस? या वर, पाय धुऊन या.'

थोड्या वेळाने ओळ उमटली.

'सुतार जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर एका दाराबाहेर लाल सायकल आहे. तिला वळसा घालून तो वर निघाला.'

मी दोनदा वाचलं.

आमच्या सरायीला दुसरा मजलाच नव्हता...

भाची चहा घेऊन आली. "काय गं मावशी, चेहरा का असा?"

"आपल्या दुसऱ्या मजल्यावर लाल सायकल आहे का गं?"

"आहे की. मघाशी पिशवी अडकली माझी तिच्यात. जिना काय यांच्या बापाचा आहे का! का गं?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. तिने वाचलं. कप खाली ठेवला.

"पत्ता दिलास तू याला?"

"नावसुद्धा दिलं नाही."

"मावशी, हा माणूस आत्ता बिल्डिंगमध्ये आहे."

इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं, ते मी केलं. कंसात विचारलं, '(तुम्ही खरे कुठे आहात? बरे आहात ना?)'

उत्तर लगेच आलं.

'(खेळाबाहेरचं विचारू नये.)'

आणि त्याखाली...

'सुताराने दारावर हात ठेवला. (आत येऊ का?)'

आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

दाराची साखळी आतून लावलेली होती. ती हलली. जोरात नाही. बाहेरून कुणी दाराला टेकलं की हलते तेवढीच...

भाची चवड्यांवर दारापाशी गेली आणि भिंगातून पाहिलं.

"कुणी नाहीये." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मावशी... लाकडाचा वास येतोय. ताज्या तासलेल्या."

मलाही येत होता.

"लिही, नाही म्हणून," ती कुजबुजली. "लिही लवकर!"

"अगं, तो परवानगी मागतोय. ज्याला घुसायचं असतं तो विचारत बसतो का?"

"बाहेर कुणी नाहीये, मावशी! तू कुणाला घरात घेतेयस, कळतंय का तुला?"

मला कळत होतं. भीती वाटत होती. पण खोटं कशाला सांगू... माझ्या दाराशी येऊन, आत येऊ का, असं मला कुणी किती वर्षांत विचारलं नव्हतं. मी टाइप करायला घेतलं. 'मालकीणबाईंनी कडीला...'

भाचीने कीबोर्ड माझ्या हाताखालून ओढला. माझे शब्द पुसले. उभ्या उभ्या दोन बोटांनी लिहिलं आणि पाठवून दिलं.

'सुतार वळला आणि जिना उतरू लागला.'

"हे तू लिहायचं नव्हतंस," मी म्हटलं. "त्याचं त्याने लिहायचं असतं."

"नियम गेले खड्ड्यात."

साखळी सैल झाली.

मग पावलं वाजली. बाहेर, जिन्यावर. सावकाश, जड. एक पाऊल जरा घासत.

खाली जाणारी.

भाचीने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही ऐकत राहिलो. तिसरा मजला. दुसरा. सायकलीशी ती किंचित थबकली, मग पुढे गेली. पहिला मजला.

"गेला," भाची म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी खालचं लोखंडी फाटक वाजायची वाट पाहत होते. ते उघडलं की सगळ्या इमारतीला कळतं.

फाटक वाजलं नाही.

पावलं मात्र थांबली नव्हती...

ती उतरतच होती. अजून खाली. आणखी खाली. बारीक होत होत, पण त्याच चालीने.

आमच्या इमारतीला तळघर नाही.

भाची त्या दिवसापासून वर येत नाही. फाटकाशी उभी राहते, मी खाली उतरते. माझ्याकडे राहायला चल म्हणते. मी टाळते.

मध्यंतरी तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी मला गाठलं. "आजी, दुपारी तुमच्याकडून कोण उतरतं हो? पावलं अगदी माझ्या दारावरून जातात. मुलांचं सगळं लक्ष तिकडे. पण बघायला गेलं की कुणी नसतं."

"फाटक वाजतं का?" मी विचारलं.

"तेच तर. बाहेर कुणी जातच नाही."

मी बघेन म्हणाले. काय बघणार होते?

ते पान मी रोज उघडते. शेवटची ओळ भाचीची आहे, मालकीणबाईंच्या नावाखाली. तो काही लिहीत नाही. पाळी त्याची आहे, पण उतरणारा माणूस लिहील तरी कसा? आयुष्यात कुणाचा शब्द न मोडलेला माणूस. उतरू लागला असं कुणीतरी लिहिलं, म्हणून तो उतरतो आहे. थांबला, असं कुणी लिहिलेलंच नाही.

परवा फोनवर भाचीच आपणहून म्हणाली, "मावशी, तूच लिहून टाक ना, पोचला म्हणून. सुटेल तरी बिचारा."

तिचा आवाज रडवेला होता.

आज चहा झाल्यावर बसले. ठरवलं, एकदा नियम मोडायचा. त्याच्यासाठी.

'सुतार जिना उतरून...' इथपर्यंत लिहिलं.

बाहेर पावलं रोजच्यासारखीच माझ्या दारावरून निघाली होती.

पुढे 'पोचला' लिहायचं होतं. बोट कळेवर होतं.

पण कुठे पोचला, ते लिहावं लागेल. आणि मी लिहीन तिथेच तो जाईल.

पावलं पहिल्या मजल्याखाली गेली आहेत. ओळ अजून अर्धीच आहे.