फळ्यावरचा पुसलेला अंदाज

मारुतीच्या देवळापुढं धुकं असं दाटलं होतं, की कळस तेवढा वर तरंगत होता. द्वारका डोक्यावरून शाल घेऊन ओट्याशी आली आणि थबकलीच. फळ्यासमोर कुणीतरी पाठमोरा उभा होता. उंच, खांद्यावर काळी घोंगडी... आणि हातात खडू. द्वारकाचा खडू!

त्या फळ्याचा वरचा अर्धा भाग देवाचा. आज कीर्तन कुणाचं, उद्या पंगत कुणाची. खालचा अर्धा द्वारकाचा. बारामतीच्या कॉलेजात भूगोल शिकताना तिला हवामानाचं जे वेड लागलं, ते पदवी पदरात पडली तरी उतरलं नव्हतं. रोज सकाळी ती घरच्या द्राक्षबागेतल्या तापमापकाचा आकडा आणि रात्री रेडिओवर ऐकलेला अंदाज इथं लिहायची. भवानीनगरच्या साखर कारखान्याकडं जाता-येता बागायतदार सायकल थांबवून वाचायचे आणि मगच औषध मारायचं का पाणी सोडायचं ते ठरवायचे.

"ओ पाव्हणं! काय चाललंय?"

तो वळला. मिशीवर खडूची भुकटी, डोळ्यांत हसू.

"थंडी लिहितोय."

"कुणाला इचारून?"

"थंडीला इचारून यावं लागतंय व्हय हितं?"

द्वारकानं फळा बघितला. तिच्या 'थंडी ओसरेल' या ओळीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं — 'नाही ओसरणार. उत्तरेचा वारा अजून हललेला नाही.'

"म्हंजे रेडिओ खोटं बोलतोय?"

"रेडिओ पुण्यात बसून बोलतोय. मी नगरहून आलेल्या एस्टीच्या ड्रायव्हरला भेटून आलोय. गाडीच्या टपावर दव गोठलेलं दाखवलं त्यानं."

"तुमी कोण पण?"

"बिरू. सुप्याचा."

"आणि करता काय?"

"हितून तितं... तितून हितं," असं म्हणत त्यानं खडू तिच्या हातात ठेवला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

नाव सांगितलं, गाव सांगितलं. काम तेवढं सांगितलं नाही. द्वारकाच्या मनात संशयाचा पहिला खडा तिथंच पडला.

दुसऱ्या दिवशी थंडी खरंच वाढली. तापमापकाचा पारा खाली बघून तिला आनंद व्हावा की राग यावा, कळेना. पण हवामानाचं वेड असलेला माणूस या पंचक्रोशीत तिला पहिल्यांदाच भेटत होता. मग रोजचाच खेळ सुरू झाला. तिनं 'आकाश निरभ्र' लिहावं, आणि परत येताना बघावं तर खाली — 'निरभ्र. मात्र मास्तरीणबाईंच्या कपाळावर आठ्यांचे ढग.' फळ्यावर लिहिते म्हणून त्यानं तिला मास्तरीणच करून टाकलं होतं! तिनं ते घाईघाईनं पुसलं, इकडंतिकडं बघितलं, आणि मग हसली. कधी तो वाट बघत ओट्यावरच बसलेला असायचा. टीव्हीवरच्या बातम्यांत दाखवतात ते उपग्रहाचं चित्र त्याला पाठ असायचं. कोळशानं फरशीवर भारताचा नकाशा काढून तो ढग दाखवायचा. ती नकाशा बघायची... निदान तसं दाखवायची तरी.

"तुझ्या त्या ढगवाल्याला वळखलं बरं का मी," कुंडलिकतात्या एका संध्याकाळी म्हणाले. वडिलांचा आवाज नेहमीसारखाच, पण हातातला अडकित्ता थांबला होता. "द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा टेंपो हाकतो त्यो. बारामती ते इंदापूर."

द्वारकानं हातातली परात खाली ठेवली.

"सांभाळून बाय. वाऱ्याचा भरवसा धरावा एक वेळ. व्यापाऱ्याच्या माणसाचा न्हाय."

हितून तितं, तितून हितं! आता कळलं. आणि एकदा संशय घरात शिरला, की तो पाव्हण्यासारखा बसून राहत नाही, सगळी भांडी वाजवून बघतो. तो बागेबद्दल का विचारायचा? घडात साखर भरली का, हे त्याला कशाला हवं? त्याचं ते हसू... तेही मालकानंच शिकवून धाडलं असेल का?

त्या आठवड्यात देवळात सप्ताह बसला आणि हवा बदलली. पहाटेची थंडी एकाएकी पळाली. दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा. बागेतल्या घडांना अजून आठ-दहा दिवसांची गोडी यायची होती. मणी तोंडात टाकला की एक डोळा आपोआप मिटायचा. तात्यांनी तीन वर्षं पोरासारखी वाढवलेली बाग पहिल्यांदाच अशी लगडली होती. आता तोडली तर आंबट माल मातीमोल. ठेवली तर आभाळाच्या हवाली.

मंगळवारी द्वारका ओट्याशी आली. रस्त्याकडेला टेंपो उभा. टेंपोत रिकाम्या पेट्या गच्च रचलेल्या. आणि फळ्यावर ताजी ओळ — 'उपग्रहाच्या चित्रात ढग जमताहेत. शुक्रवारी दुपारनंतर गारा.'

तिनं पुन्हा पेट्यांकडं बघितलं. तर हे असं होतं! गारांचं भ्या घालायचं, लोकांना कच्चा माल तोडायला लावायचा... आणि पेट्या तर आधीच तयार! तिच्या फळ्यावर, तिच्या शब्दावर इसवास ठेवणाऱ्या लोकांना! तिनं फडकं घेतलं आणि ओळ पुसली.

"अवो, अवो, काय करताय?" बिरू टेंपोकडून धावत आला. हातात नवा खडू. "माझा खडू मोडला म्हणून गेलो व्हतो. पुढचं अजून —"

"पुढचं मला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय?"

"त्या पेट्यांना बी ठाऊक हाय."

त्यानं पेट्यांकडं बघितलं. मग तिच्याकडं. डोळ्यांतलं हसू असं विझलं, जणू देवळातल्या समईवर कुणी फुंकर मारावी.

"ठाऊकच हाय म्हणल्यावर मी काय लिहू?" तो हळू म्हणाला. नवाकोरा खडू त्यानं ओट्यावर ठेवला आणि गेला.

द्वारकानं लिहिलं — 'हवामान कोरडे राहील.' रेडिओ तेच सांगत होता. पण तिची शाल वाऱ्यानं उडत होती, आणि वारा पूर्वेचा होता. ओला.

बुधवारी व्यापारी स्वतः जीप घेऊन वस्तीवर आला. "तोडा, तोडा! गारा येणार म्हणत्यात. मी घेतो की माल, पडल्या भावानं का व्हईना!" बघा, द्वारकाचं मन म्हणालं, झाला का नाही संशय खरा? मग आनंद का होत नव्हता? आणि त्या जीपमागं टेंपो होता, पण तो हाकणारा दुसराच कुणी होता. बिरू कुठं होता?

गुरुवारी संध्याकाळी कीर्तनाला मांडव भरला. टाळ असे लागले, की जमीन अंगाखालून गात होती. बुवा रंगात आले.

"मंडळी, संतांचं देवाशी भांडण बघा! पहिल्या चरणात देवाला बोल लावायचा, आन् शेवटच्या चरणात पायावर डोकं. पर आपल्यातला एखादा शहाणा पहिलंच चरण ऐकतो, धोतर झटकून उठतो, आन् गावभर सांगतो, म्हाराज देवाला शिव्या देत्यात! आरं बाबा, देवाचं ऐकायचं तर शेवटापर्यंत बसावं लागतंय. माणसाचं येगळं हाय व्हय?"

मांडव हसला. द्वारका हसली नाही.

पुढचं अजून... तो म्हणाला होता. पुढचं अजून. आणि आपण धोतर झटकून उठलो!

ती मान वळवून बघू लागली. मागं, शेवटच्या खांबाला टेकून, काळी घोंगडी. डोळे मिटून तो टाळ धरत होता.

कीर्तन आटोपलं, पंगत बसली. बायकांच्या ओळीत द्वारका बसते न बसते तोच समोर आमटीची बादली आली. बादलीमागं बिरू.

"वाढू?"

"त्या दिशी... पुढं काय लिहिणार व्हता?"

त्यानं द्रोणात आमटी सोडली. "तोडू नका," एवढं म्हणून तो पुढच्या पत्रावळीकडं सरकला.

द्वारकाचा घास हातातच राहिला. तोडू नका? पंगत लांबलचक होती. ती बादलीकडं बघत राहिली. शेजारची रंगूबाई म्हणाली, "आमटी लई आवडली जणू पोरीला!"

तो परतला. "वाढू?"

"तोडू न्हाय तर करायचं काय?"

"झाका." आमटीची धार. "लुगडी, धोतरं, गोणपाट... घरात असंल त्यानं. द्राक्षाच्या मांडवावर ताणून तारांना बांधायचं. गारांचा मार कापड खातं, घड वाचतो."

"आणि पेट्या?"

"पेट्या व्यापाऱ्याच्या व्हत्या. तोडा म्हणून लिव, म्हणत व्हता. मी टेंपोची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून आलो."

"कवा?"

"तुमी फळा पुसला, त्याच दिवशी." त्यानं बादली उचलली. "आता सरकू का? पंगत खोळंबली."

द्रोण काठोकाठ भरला होता. आमटीला तिखट होतं म्हणा, का आणखी काही... तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर द्वारकाच्या अक्षरात दोन्ही ओळी होत्या. 'दुपारनंतर गारा. तोडू नका, झाका.'

"द्वारके," तात्या म्हणाले, "ही गार न्हाय पडली, तर ह्या फळ्याकडं पुन्हा कुणी बघणार न्हाय. आन् पोरगा खोटा निघाला तर..."

"तर मी बी खोटी निघंन, तात्या."

तात्यांनी लेकीकडं बघितलं. मग डोक्याचं पागोटं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. "ह्याच्यापासनं सुरू कर."

द्वारकाच्या आईनं, फुलाबाईनं, लुगड्यांची पेटी उघडली. सप्ताहाच्या बायका आपापली जुनेरं घेऊन धावल्या. बिरूनं सुप्याहून आईनं धाडलेल्या घोंगड्यांची चवड आणली. हिरवी, जांभळी, कुंकवाच्या रंगाची लुगडी तारांवर ताणली गेली आणि द्राक्षाची बाग जत्रेसारखी दिसू लागली. आजूबाजूच्या बागांतही तसंच. काहींनी मात्र तोडायला घेतलं होतं, काही नुसते बांधावर उभे राहून हसत होते.

"काय वो तात्या, बागेचं लगीन हाय का?"

दुपार झाली. लख्ख ऊन. एकही ढग नाही. द्वारका एका टोकाला गाठ मारत होती, बिरू दुसऱ्या. बोटं जवळ यायची... आणि लांब जायची.

"आभाळ तर तुमच्यावाणीच हाय," ती म्हणाली. "हसतंय नुसतं. काम सांगत न्हाय."

"अजून संशय हाय?"

"थोडा."

"ठेवा की. हवामानवाल्याकडं संशय पाहिजेच. न्हायतर त्यो ज्योतिषी व्हतो."

तेवढ्यात वारा पडला. एकदम. कारखान्याचा धूर सरळ काठीसारखा उभा राहिला. लिंबावरचे कावळे गप्प झाले, आणि पूर्वेकडनं आभाळ शाईसारखं वर चढू लागलं.

"आलं!" बिरू ओरडला.

पहिली गार पत्र्यावर वाजली. मग दुसरी. मग मोजायला उसंतच उरली नाही. टाळांचा कल्लोळ व्हावा तसा आवाज. माणसं जागा मिळेल तिथं शिरली. बांधाच्या कडेचं हिरवं लुगडं वाऱ्यानं सुटलं, आणि ते धरायला द्वारका धावली. दुसरं टोक कुणी धरलं, ते बघायची गरज नव्हती. मांडवाखाली दोघं वाकून उभी, हात वर, डोक्यावर फुलाबाईचं लुगडं. त्यावर गारांचा मार. आजूबाजूची काळी जमीन बघता बघता पांढरी होत गेली. भूगोलाच्या पुस्तकातला बर्फच जणू बारामती-इंदापूरच्या वाटेवर उतरला होता.

"बिरू..." ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "एक इचारू? खरं सांगायचं."

"इचारा."

"बारामती-इंदापूर सडक तिकडून जाते. देवळाकडं वाकडी वाट पडते. रोज कशाला यायचात?"

"फळा वाचायला."

"नुसता फळा?"

एक गार त्याच्या बोटांवर आदळली. त्यानं लुगडं सोडलं नाही. "फळा... आणि फळा लिहिणारी. चिडली की लई झ्याक दिसती."

तिला चिडायचं होतं. जमलं नाही.

वादळ आलं तसं गेलं. कडेच्या ओळी झोडपल्या होत्या, हिरव्या लुगड्याची चाळण झाली होती. पण मधल्या मांडवाखाली घड टवटवीत लटकत होते. तात्यांनी एक मणी तोंडात टाकला. एक डोळा मिटला... आणि ते हसले.

"सुप्याकडचं म्हणालास न्हवं? माझ्या बापाच्या रानात सुप्याकडची मेंढरं बसायची. त्या लेंडीखतावर तर ही माती पोसली. म्हंजे वळख जुनीच म्हणायची." मग घराकडं वळून, "फुला, पाट मांड. पाव्हणा जेवून जाईल." आणि फुलाबाईनं वाढता वाढता घरी कोण कोण असतं, आईचं माहेर कुठलं, हे असं विचारायला घेतलं, की द्वारका उठून मागच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी, सप्ताहाच्या समाप्तीच्या सकाळी, ती ओट्याशी आली तेव्हा धुकं नव्हतं. फळ्यासमोर तो उभा होता. खालच्या अर्ध्या भागात एकच ओळ होती — 'आकाश स्वच्छ. मास्तरीणबाईंना विचारायचं आहे की...'

खडू तिथंच थांबला होता.

"पुढं?" द्वारका म्हणाली.

त्यानं तिच्या हातातल्या फडक्याकडं संशयानं बघितलं. "पुसणार न्हाय न्हवं?"

तिनं फडक्याची घडी केली, ओट्यावर ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"लिवा," ती म्हणाली. "मी शेवटापर्यंत बसलीय."