आज धूर कसा नाही?

"लंबूला गाडी आणि मला फडकं? हा कुठला न्याय, मामा?"

मिरची फणफणली. बारा वर्षांच्या या पोरीचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहत नसे! मामाचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान जंगलाच्या कडेला होतं. त्याची जुनी टू-स्ट्रोक गाडी कच्च्या वाटेवर चालवायला शिकायची, म्हणून ती धाकट्या भावाला घेऊन सुट्टीत इथे आली होती. या भावाला सगळे शेपूट म्हणत, कारण तो सतत तिच्या मागे. पण गाडी मिळायची कुणाला? मामाच्या लेकाला, लंबूला!

"त्याचे पाय जमिनीला टेकतात," मामा म्हणाला. "आणि लंबू, परवा इंजिन जाम केलंस. आज पुन्हा झालं, तर सुट्टीभर गाडी बंद!"

"बाबा, शप्पथ, मी काहीच केलं नव्हतं!"

होऊ दे जाम, चांगली जिरेल! मिरचीला आतून गुदगुल्या झाल्या. पण लंबूनं हेल्मेट चढवलं, किक मारली आणि ऐटीत हात हलवत तो झाडीत शिरला. तिचा नुसता तिळपापड झाला.

"ताई, तू रडतेयस?" शेपटानं विचारलं.

"धूर गेला डोळ्यांत!"

"कुठला धूर? आज धूरच नाही!"

मिरची दचकली. खरंच की! या गाडीमागे कायम निळसर धूर असायचा. टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. तेही जळतं, म्हणून धूर. धूर नाही म्हणजे तेल नाही! इंजिन तापून जाम होणार, उतारावर मागचं चाक अडकणार आणि लंबू थेट खाली!

पण गप्प बसलं तर खापर लंबूवरच फुटेल... खोटं कशाला सांगा, क्षणभर ती गप्प बसलीसुद्धा. मग स्वतःलाच शिव्या घालत धावत सुटली. गाडीची वाट टेकडीला वळसा घालून जायची, पायवाट सरळ चढायची. काट्यांनी पाय ओरबाडले, तरी उताराच्या तोंडाशी ती हात पसरून उभी राहिली.

"थांब! क्लच दाब! इंजिन बंद कर!"

"जळकी कुठली!" लंबू ओरडला, पण थांबला. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता!

मागोमाग मामा धापा टाकत आला. त्यानं टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं. रंग जवळजवळ नितळ, तेल नावालाच! "मी तर मिसळूनच भरलं होतं. हे साधं पेट्रोल कुणी ओतलं?"

मामाचे मित्र, फोटोवाले काका, त्याच्याकडे मुक्कामाला होते. दुकानात परतल्यावर मामानं त्यांना विचारलं. "मी? मी गाडीला हातही लावला नाही!" ते म्हणाले. पण त्यांच्या बुटांना वाटेवरचा ताजा चिखल होता. मिरचीनं लंबू आणि शेपटाच्या कानात कुजबुज केली.

चहाच्या वेळी ती मोठ्यानं म्हणाली, "मामा, टाकी गळ्यापर्यंत भरलीय! कुणाचं एवढं मोठं मन असेल रे?"

"अशी माणसं आता राहिली नाहीत," लंबूनं सुस्कारा सोडला.

"सत्कारच करू त्यांचा!" शेपूट म्हणाला.

काकांना राहवेना. "अरे, मीच तो! सकाळी गुपचूप चक्कर मारायचो, म्हटलं फुकट कशाला? परवाही मीच भरली..." त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता!

"आणि तेल?" मामानं विचारलं.

"तेल? माझ्या गाडीत तर ते वेगळं असतं..."

मामानं कपाळावर हात मारला. "लंबू, उगाच बोललो रे तुला. आणि मिरची, शेपूट, शाबास! धूर नाही हे मला, मेकॅनिकला, कळलं नाही!"

इंजिन उघडून साफ झालं, तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं आणि या वेळी मामानं हेल्मेट मिरचीच्या डोक्यावर ठेवलं. तिचे पाय टेकेनात, म्हणून लंबूनं गाडी धरली. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काय झालं रे?"

"जळतोय!"

"जळ!" मिरची म्हणाली, आणि तिनं हळूच क्लच सोडला.